रद्द झालेली गाडी हसत सांगू नये

आमच्या मामाचे आवाज दोन. एक घरचा आणि एक स्थानकाचा.

घरचा आवाज इतका बारीक की जेवताना त्याने मीठ मागितलं, तर समोरच्याला ते कळेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं. स्थानकाचा आवाज मात्र बस स्थानकाच्या सगळ्या फलाटांवर, उपाहारगृहात, पेपरच्या दुकानात, फार काय, स्वच्छतागृहाच्या बंद दाराआडही पोचतो आणि आतल्या माणसाची धांदल उडवतो. मामा तिथे घोषणा करतो. "आवाज मी ड्युटीवर ठेवून येतो," असं तो म्हणतो. म्हणजे पुटपुटतो.

मामीचं यावर ठरलेलं उत्तर आहे. "लग्नाआधी मी हा आवाज ऐकून भुलले. आता तोच ऐकायचा तर पिशवी घेऊन स्थानकावर जाऊन बसावं लागतं मला."

मामी हे ज्या पट्टीत बोलते, ती ऐकून घरात कमी कोण बोलतं आणि का, हे पाहुण्यालाही लगेच कळतं.

मामा आधी कंडक्टर होता. गाडीच्या पुढच्या दारात उभा राहून मागच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्या माणसाला हळूच हाक मारायचा, आणि तो माणूस बरोबर आपल्या थांब्याला जागा व्हायचा. मग गुडघ्याने दगा दिला. तेव्हाच्या साहेबांनी त्याला उचलून माइकच्या खोलीत बसवलं. पाय बसले आणि आवाज उठला.

आता कुणी म्हणेल, घोषणा करायला काय लागतं? फलाट क्रमांक, गाडीचं नाव, संपलं. तर तसं नाही. मी मामाची नक्कल अगदी बोबडी होते तेव्हापासून करते, त्यामुळे आतली गोम मला ठाऊक आहे. गाडीला उशीर असेल तर मामाचा आवाज खाली बघतो. म्हणजे उशीर जणू ह्यानेच केला, वाटेत चहाला थांबला, आणि आता दारात उभा राहून चपला काढतोय. गाडी रद्द झाली असेल तर तो आधी एक श्वास घेतो, माइकमध्येच, आणि त्या श्वासानेच निम्म्या लोकांना बातमी कळते. शेवटच्या गाडीला मात्र तो अजिबात घाई करत नाही. मी एकदा ती गाडी धापा टाकत करून दाखवली, तर म्हणाला, "एवढं पळू नकोस, पोपट. लोक पळतच असतात. आपणही पळालो तर त्यांना वाटतं, संपलं सगळं."

पोपट म्हणजे मी. भाची असले तरी पोपटच.

आणि सगळ्यात भारी म्हणजे मुलाची घोषणा. गर्दीत आईचा हात सुटून एखादं पोर रडत त्याच्या खोलीत आलं, की इतर कुठलाही माणूस सांगेल, अमुक वयाचा मुलगा हरवला आहे. मामा सांगतो, "लाल स्वेटरवाल्या एका मुलाची आई सापडत नाहीये. मुलगा इथे माइकच्या खोलीत बसून बिस्किट खातोय. आईने घाबरू नये. लवकर यावं." पोराला वाटतं, हरवली ती आई. ते रडायचं थांबतं.

असा आमचा मामा त्या महिन्याअखेर निवृत्त व्हायचा होता. त्याच सुमाराला स्थानकात नवं यंत्र आलं.

स्थानकप्रमुख साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. साहेब कुठल्याही वाक्याला जिना चढल्याशिवाय पोचत नाहीत. "काय आहे ना, तसं पाहिलं तर, म्हणजे आता बघा, यापुढे घोषणा आपोआप होणार. कंपनीने आवाजही दिलाय. ऐका."

त्यांनी बटण दाबलं. एका बाईंचा आवाज आला. गोड, गुळगुळीत, दात घासण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतला. बाई म्हणाल्या, "धरणाकडे जाणारी गाडी आज रद्द करण्यात आली आहे!" आणि असं म्हणाल्या, की वाटावं, अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय.

मामा खुर्चीच्या कडेवर बसला होता. तो पुढे सरकला. "साहेब, रद्द झालेली गाडी हसत सांगतात का कुणी?"

"काय आहे ना, तसं पाहिलं तर, मशीन आहे. मशीनला वाईट वाटणार कुठून?"

"मला वाटतं ना. माझं घ्या."

साहेब जिन्यावर मध्येच थांबले. मग म्हणाले, कंपनीचा माणूस सोमवारी येतोय. मामाने सगळ्या घोषणा रेकॉर्ड करून आणल्या, आणि त्या स्वच्छ असल्या, म्हणजे टक नाही, टुक नाही, खरखर नाही, तर बाईंऐवजी मामाचा आवाज बसवता येईल. नाहीतर तसं पाहिलं तर, बाई आहेतच.

मामा घरी आला तो त्या दिवशी पहिल्यांदाच आवाज बरोबर घेऊन. दारातूनच म्हणाला, "अगं, मी जातोय, पण राहतोय!" मामीच्या हातातलं भांडं पडलं. तिला वाटलं, स्थानकच घरी आलं.

रेकॉर्डिंगची अडचण नव्हती. घरात ताई होती. ताई म्हणजे मामाची मुलगी. ती स्वतः गाणी रचते, गाते, आणि लॅपटॉपवर ती रेकॉर्ड करून त्यांत वेगवेगळी वाद्यं भरते. तिच्या खोलीच्या एका कोपऱ्यात तिने दोऱ्यांवर रजया टांगून तंबू केलाय, आवाज घुमू नये म्हणून. आत माइक, एक खुर्ची, माइक जोडायचा एक छोटा डबा, आणि खालच्या फळीवर लॅपटॉप. माइकची वायर आखूड, म्हणून लॅपटॉप आतच ठेवावा लागतो. ताई बाहेर बसते. तिच्यासमोर वेगळा पडदा, वेगळा कीबोर्ड आणि माउस. तंबूत काय चाललंय ते तिला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. लॅपटॉप जुना आहे आणि त्याच्याशी ती चिडली की आदराने बोलते. "अहो, चला आता. अहो, किती विचार करता." घरात मामी मामाशी असंच बोलते, त्यामुळे नुसतं ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

शुक्रवारी दुपारी मामा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तंबूत शिरला. खांद्यावर छोटा टॉवेल, कारण रजयांच्या आत उकडतं. ताई म्हणाली, "बाबा, सुरू करा." आणि आमच्या घरात स्थानक सुरू झालं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जुन्या पुलावरून बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे."

मामी दाराला टेकून ऐकत होती. चेहरा असा, जणू पिशवी घेऊन तिथेच बसलीये.

पहिली घोषणा सोन्यासारखी. दुसरीही. चौथीपाशी कुठेतरी काहीतरी टचकन तुटलं. ताईने मागे नेऊन ऐकवलं. "खाणीकडे जा... री ग... डी फला... टक्... क तीनवर ये... आहे."

मला ही चाल लगेच आली. मी म्हटलं, "मा... मी, मला भू... टक्... लागली." मामीने पाठीत धपाटा घातला. मग तंबूकडे बघून म्हणाली, "अहो, अडखळता कशाला? सावकाश बोला."

"मी नाही गं अडखळत," आतून बारीक आवाज आला.

"बाबा नाही, लॅपटॉप अडखळतोय," ताई म्हणाली. "थांबा. बघते."

ताईने मग आम्हाला शिकवणी दिली. लॅपटॉप म्हणे आवाज बादलीने भरतो. बादली लहान असली की त्याला सारखी हातघाई करावी लागते, आणि जरा हात थांबला की पाणी सांडतं. जिथे सांडलं तिथे टक्. या बादलीला बफर म्हणतात. "मोठी बादली देते त्याला," असं म्हणून तिने एक आकडा वाढवला.

पण मोठ्या बादलीचा एक तोटा असतो. ती भरायला वेळ लागतो. मामाच्या कानावर हेडफोन होते, आणि आता त्याला स्वतःचाच आवाज जरा उशिरा ऐकू यायला लागला. दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. आमचा मामा सभ्य आहे. आपण बोलताना मध्येच आणखी एक माणूस बोलतोय म्हटल्यावर तो थांबला. त्याचं होऊ दिलं. मग पुढचा शब्द बोलला. तो दुसरा माणूस पुन्हा बोलला. मामा पुन्हा थांबला.

"प्रवाशांनी."

शांतता.

"कृपया."

शांतता.

"अहो, झोप लागली का?" मामी ओरडली.

"अगं, ते आत कुणीतरी बोलतंय माझ्याबरोबर," मामा म्हणाला. "मी म्हटलं, आधी त्यांना बोलू दे."

ताईने कपाळावर हात मारला आणि हेडफोन काढून घेतले. मामाची गाडी पुन्हा रुळावर, म्हणजे रस्त्यावर आली. दोन-तीन घोषणा झक्क झाल्या. मग पुन्हा टक्.

शनिवारभर ताई लॅपटॉपच्या हात धुऊन मागे लागली. मागे कायकाय उघडं होतं ते सगळं बंद केलं. इंटरनेट तोडलं. विषाणू पकडणारा प्रोग्राम नेमका त्याच वेळी कानाकोपरे झाडत बसला होता, त्याला दटावलं. "अहो, घर झाडायला हाच मुहूर्त सापडला तुम्हाला?" लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी हळू चालत होता, ती काटकसर बंद केली. आवाज गोड करणारी सगळी साधनं काढून टाकली. जुनी गाणी दुसरीकडे हलवून जागा मोकळी केली. माइकच्या डब्याची वायर लॅपटॉपच्या एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली. प्रत्येक उपायानंतर मामा आज्ञाधारकपणे तंबूत जायचा, सुरुवातीच्या घोषणा खणखणीत व्हायच्या, आमच्या जिवात जीव यायचा, आणि मग तेच. टक्. पडद्यावर लॅपटॉपच्या श्रमाचा एक काटा असतो. तो सुरुवातीला हिरव्यात गप बसलेला असायचा. बघता बघता लाल व्हायचा.

"का पण?" ताई काट्याला विचारायची. "अहो, करायला काय दिलंय तुम्हाला? एक माणूस बोलतोय नुसता!"

रविवारी सकाळी तिला वाटलं, निदान एवढं तरी कळावं की दोष कुठे आहे. ती म्हणाली, "आई, तू बस आत. काहीही बोल. खूप वेळ बोल."

खूप वेळ बोल, हे मामीला सांगावं लागलं, याचंच मला हसू आलं. मामी आत जाऊन बसली. "काय बोलू? मला नाही बाई असं ठरवून बोलता येत," असं म्हणून तिने जी सुरुवात केली, ती थेट तीन दिवस घरात कुणी कपडे घडी करत नाही, इथपासून. तिथून ओला टॉवेल गादीवर, तिथून ताईचं लग्नाचं वय, तिथून माझी परीक्षा, तिथून सासूबाईंनी कोणे एके काळी काढलेला शब्द. जेवायची वेळ झाली तरी थांबेना. ताईने शेवटी रजई बाजूला करून तिला बाहेर काढलं.

मागे नेऊन ऐकलं. एक टक् नाही. एक टुक नाही. सासूबाईंचा शब्द तर असा स्वच्छ, की जणू आत्ताच काढला.

आम्ही हसत सुटलो. मामीसुद्धा पदराने डोळे पुसत होती. "बघा, मशीनसुद्धा मला मध्ये तोडत नाही!"

मामा हसत नव्हता.

तो भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "म्हणजे लॅपटॉप ठीक आहे."

मामीचा पदर डोळ्यांपाशीच थांबला.

"ताई गाते तेव्हा ठीक. ही बोलते तेव्हा ठीक. म्हणजे माझ्याच आवाजात काहीतरी आहे." तो अगदी घरच्या आवाजात बोलत होता, तरी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला. "जुना झाला असेल. नव्या यंत्रांना नसेल चालत. साहेबांना सांगतो उद्या, राहू दे. बाई आहेत त्या बऱ्या आहेत."

"बाबा, असं काही नसतं हो," ताई म्हणाली.

"एकदा शेवटचं बोलून येतो," मामा म्हणाला. "यादी अर्धी राहायला नको." आणि तो आत गेला. आम्ही तिघी बाहेर. त्याने सगळ्या घोषणा एकामागून एक केल्या. रद्दची केली तेव्हा तो श्वास घेतल्याचं ऐकू आलं आणि मामीने माझा हात धरला. काटा लाल झाला होता. ताईने पडद्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

मामा घामाघूम होऊन बाहेर आला. टॉवेलने तोंड पुसायला गेला, तेवढ्यात मामीने तो त्याच्या हातातून ओढून घेतला. "द्या इकडे. धुवायला टाकते. चेहरा बघा काय झालाय." आणि ती थांबली. तिने टॉवेल दुसऱ्या हातात घेतला. मग मामाच्या कपाळाला हात लावला.

"अहो, ताप आहे का तुम्हाला?"

"छे."

"कपाळ तर गार आहे. मग हा टॉवेल एवढा गरम कसा? इस्त्रीखालून काढल्यासारखा!"

"ते होय," मामा म्हणाला. "ते त्या लॅपटॉपमुळे. सारखा सूं सूं करत असतो बिचारा. माइकमध्ये जाईल म्हणून मी बोलायला लागलो की त्याच्या तोंडावर टॉवेल ठेवतो, चांगला घडी करून. बोलून झालं की काढतो."

ताई खुर्चीतून उठली नाही, उडाली. "कुठे ठेवता?"

"बाजूला जाळी आहे ना, जिथून वारा येतो, तिथे. आमच्या खोलीतलं मशीनही असंच घरघरतं. मी कायम त्याच्यावर टॉवेल टाकूनच घोषणा करतो. माइकमध्ये घरघर गेलेली बरी दिसते का?"

आता मला सगळं चित्र दिसलं. स्थानकात एक घोषणा म्हणजे एक घोषणा. टॉवेल टाकला, बोलला, काढला. मशीनला कळायच्या आत मोकळं. इथे मामा अख्खी यादी एका बैठकीत बोलत होता, आणि तितका वेळ लॅपटॉप त्या टॉवेलखाली घुसमटत होता. तापला की तो जीव वाचवायला मंदावायचा, मंदावला की बादली सांडायची. ताई गायला बसते तेव्हा तिला पंख्याचं सूं सूं चालतं, गाण्यात ते बुडून जातं. मामी बोलते तेव्हा तर विमानाचं सूं सूंही बुडेल.

"बाबा!" ताई ओरडली. "तुम्ही त्याचं नाक दाबून धरलं होतंत!"

"नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात," मामी म्हणाली. "इथे बोलतीच बंद झाली."

मामाने रजई बाजूला केली, खाली वाकला आणि लॅपटॉपवर हात ठेवला. चटका बसला असावा, कारण हात लगेच उचलला. मग मी शप्पथ सांगते, तो त्याला म्हणाला, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तोच आवाज. चपला काढणारा.

मग एकदम धावपळ. ताईने ओळखीच्या नाटकवाल्यांकडून माइकची लांब वायर आणली. लॅपटॉप तंबूतून उचलून बाहेर बोळात, स्टुलावर. वर टेबलफॅन. शेजारी राखणीला मामी, हातात लाटणं, का तर कुणी त्याच्यावर काही टाकू नये. "टॉवेल घेऊन इकडे फिरकलात तर बघा," ती मामाला म्हणाली.

तंबूत आता लॅपटॉप नव्हता, सूं सूं नव्हतं. मामा आत बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "एवढी शांतता कधी मिळाली नव्हती. जरा बसतो."

ताईने बसू दिलं. मग त्याने सुरुवात केली आणि आम्ही श्वास रोखून काट्याकडे बघत राहिलो. चौथी गेली. खाणीची गाडी गेली. उशिराच्या, रद्दच्या, फलाट बदलल्याच्या, सगळ्या गेल्या. काटा हिरव्यात पाय पसरून बसला होता. शेवटची गाडीही मामाने सावकाश, हात धरून चढवावी तशी सोडली.

"झालं, बाबा! या बाहेर."

"एक राहिली," मामा म्हणाला. "यादीत नाही, पण घे."

त्याने मुलाची घोषणा केली. स्वेटरचा रंग वगळून, कुठल्याही पोराला चालेल अशी. बोळातून मामी म्हणाली, "अहो, आई वेळेवर येते की नाही ते तरी सांगा!" ते रेकॉर्डिंगमध्ये गेलं. मामाला पुन्हा बोलावं लागलं.

सोमवारी कंपनीचा माणूस आला. कानात यंत्र खुपसून त्याने सगळं ऐकलं, चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही. मग म्हणाला, "मागे काहीच आवाज नाही. कुठल्या स्टुडिओत केलंत?"

"रजयांच्या," मामा म्हणाला.

त्या माणसाने मान डोलावली, म्हणजे नाव ऐकलंय असं दाखवलं. साहेब म्हणाले, "काय आहे ना, तसं पाहिलं तर, चांगलंय." जिना न चढता ते पहिल्यांदाच इतक्या लवकर पोचले. मुलाची घोषणा यादीत नाही म्हणून जरा कुरकुरले, पण पुन्हा एकदा ऐकली आणि असू दे म्हणाले.

मामा निवृत्त झाल्यानंतरच्या सकाळी तो, मामी आणि मी स्थानकावर गेलो. मामाला ऐकायचं होतं. आजवर तो कायम काचेच्या आत होता. बाहेर कसं ऐकू येतं, हे त्याला माहीतच नव्हतं. आम्ही बाकावर बसलो. मामीने खरोखरच पिशवी आणली होती, त्यात पाण्याची बाटली आणि सगळ्यांचे स्वेटर.

डोक्यावरच्या कर्ण्यातून आधी श्वास आला. मग, "धरणाकडे जाणारी गाडी आज रद्द करण्यात आली आहे."

बाकावरच्या एका बाई उठल्या, चरफडल्या, कर्ण्याकडे बघून काहीतरी जळजळीत बोलणार होत्या. मग म्हणाल्या, "जाऊ दे. त्याला तरी काय बोलायचं. तोच बिचारा किती वाईट वाटून सांगतोय." आणि चौकशीच्या खिडकीकडे गेल्या.

मामी माझ्याकडे बघत होती. मामा चपलांकडे.

आणखी काही गाड्या गेल्या. मामा एकदा मान हलवायचा, एकदा भुवई उचलायचा. दोनचा 'न' जरा ओढला गेलाय, असं त्याने मला सांगितलं. मग कर्णा म्हणाला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जुन्या पुलावरून बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. ज्यांना जायचं आहे त्यांनी सावकाश चढून घ्यावं. गाडी थांबलेली आहे."

मामा उठला. शर्ट खाली ओढला, पिशवी उचलली आणि दुखऱ्या गुडघ्याने फलाट दोनच्या दिशेने चालायला लागला.

"अहो!" मामी म्हणाली. "कुठे निघालात?"

मामा थांबला. आपण उभे का आहोत आणि हातात पिशवी कशी आली, हे त्याला खरंच कळत नव्हतं. त्याने कर्ण्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"अगं," तो म्हणाला, "त्याने बोलावलं ना."

मामीने एक क्षण त्याच्याकडे पाहिलं. मग उठली, पदर सावरला आणि त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. "चला मग. एवढं बोलावतोय तर जाऊन येऊ. बंदर बघून किती वर्षं झाली." पायरीवर एक पाय ठेवून ती वळली. "पण परतीची गाडी कधी असते हो?"

"सांगेल तो," मामा म्हणाला, आणि तिच्यामागून चढला.